स्वस्त यूएसबी चार्जर : मेगरवर पास, उघडल्यावर नापास

पांढरी चकचकीत डबी, समोर दोन यूएसबी सॉकेट, पाठीवर ठळक "२.४ अँपिअर" आणि पिनांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात "इनपुट १००–२४० व्होल्ट". आठवडी बाजारात, एसटी स्टँडबाहेरच्या टपरीवर, मोबाईल रिपेअरिंगच्या काउंटरवर असा चार्जर साधारण ८० ते १५० रुपयांत मिळतो. बिल नाही, बहुतेक वेळा खोकंही नाही. लावला की फोन चार्ज व्हायला लागतो आणि घेणाऱ्याची परीक्षा तिथेच संपते.

चार्जरला दोनच पिना असतात, अर्थिंगची तिसरी पिन नसते. भिंतीतले २३० व्होल्ट आणि हातातला फोन यांच्या मधे जे काही आहे, ते सगळं त्या डबीतच आहे: ट्रान्सफॉर्मरच्या दोन वाइंडिंगमधलं इन्सुलेशन, सर्किट बोर्डवर मोकळी सोडलेली काही मिलिमीटरची पट्टी आणि दोन्ही बाजूंना जोडणारा एक छोटा कपॅसिटर. यातलं एक जरी गेलं तरी फोनच्या धातूच्या कडेवर किंवा इअरफोनच्या वायरवर थेट फेज येऊ शकते. शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या खोलीत किंवा जुन्या माळवदाच्या घरात, सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी बसलेला माणूस चार्जिंगला लावलेला फोन कानाला धरतो, तेव्हा त्याचा जीव त्या पट्टीवर असतो. म्हणून या परीक्षणात फोन किती वेळात भरतो याला आम्ही फार किंमत दिलेली नाही.

आधी दुकानात उभ्या उभ्या होणाऱ्या गोष्टी. मोबाईलच्या ॲडॉप्टरला भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे; इलेक्ट्रॉनिक्स आणि आयटी वस्तूंसाठी २०१२ च्या आदेशाने सुरू झालेल्या योजनेत तो येतो. डबीवर "आर" हे अक्षर आणि पुढे आठ आकडे हवेत, सोबत मानकाचा क्रमांक: आयएस १३२५२ (भाग १) किंवा नव्या मालावर आयएस/आयईसी ६२३६८. हा नंबर बीआयएस केअर या मोफत ॲपमध्ये टाका. तिथे येणारं नाव आणि चार्जरवरचं नाव जुळलं पाहिजे. नुसता नंबर छापलेला आहे म्हणून समाधान मानू नका, कारण दुसऱ्याचा नंबर उचलून छापायला शाईशिवाय काही लागत नाही. "सीई" ही अक्षरं युरोपच्या बाजारासाठी असतात, आपल्याकडे ती नोंदणीची जागा घेत नाहीत. चौकोनात चौकोन ही खूण म्हणजे दुहेरी इन्सुलेशनचा दावा. तो दावा खरा की खोटा हे पुढे उघडल्यावरच कळतं.

पिन बघा. आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटची भोकं ५.१ मिमी जाडीच्या पिनेसाठी असतात. पुष्कळ स्वस्त चार्जरना युरोपी नमुन्याची ४ मिमीची पिन असते. ती भोकात हलते, चरचर आवाज येतो, ठिणगी पडते, पिनेचं टोक काळं पडतं आणि काही महिन्यांत सॉकेटचं प्लास्टिक पिवळं होतं. दुकानदाराच्या बोर्डवर लावून डबी हलवून बघायला पाच सेकंद लागतात. पिना डबीतच हलत असतील तर तो तिथेच परत द्या.

टेस्टरने काही कळत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. चार्जिंगला लावलेल्या फोनच्या कडेला टेस्टर लावला की दिवा मिणमिणतो आणि लोक म्हणतात, "करंट उतरलाय". चांगल्या कंपनीच्या चार्जरवरही तो मिणमिणतो. डिजिटल मीटर एसी व्होल्टवर ठेवून यूएसबीचं टरफल आणि अर्थिंग यांच्यात मोजलं तर अनेकदा शंभराच्या आसपास व्होल्ट दिसतात. मीटरचा स्वतःचा रोध १० मेगाओहमसारखा प्रचंड असल्यामुळे कपॅसिटरमधून येणारा नगण्य करंटसुद्धा एवढा आकडा दाखवतो. धोका किती आहे हे व्होल्टवरून कळत नाही, करंट मोजावा लागतो.

करंट मोजायची सोपी जोडणी अशी. १०० किलोओहमचा, २ वॅटचा रेझिस्टर घ्या; इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो काही रुपयांत मिळतो. जुनी यूएसबी केबल कापून तिचं काळं टोक रेझिस्टरच्या एका बाजूला जोडा, दुसरी बाजू खात्रीच्या अर्थिंगला. मीटर एसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. चार्जर ६० किंवा १०० वॅटच्या बल्बच्या सिरीज बोर्डवरून (ज्यात करंट बल्बमधूनच पुढे जातो) चालू करा आणि त्या बोर्डच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की लाईट तोडणारा स्विच, असलीच पाहिजे. एकदा चालू केलं की कशालाही हात लावायचा नाही. बल्ब पेटून राहिला तर चार्जरमध्ये शॉर्ट आहे, तिथेच थांबा. बल्ब विझलेला राहिला तर मीटर वाचा: दर व्होल्टला १० मायक्रोअँपिअर. मग बंद करून पिना उलट बसवा आणि पुन्हा वाचा.

आता आकड्यांचा अर्थ. १ नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झला जास्तीत जास्त ७२ मायक्रोअँपिअर जातात, म्हणजे मीटरवर ७ व्होल्टच्या आसपास. २.२ नॅनोफॅरडला हा आकडा १६ च्या आत राहतो. दुहेरी इन्सुलेशनच्या वस्तूला आयएस १३२५२ मध्ये जी मर्यादा आहे ती ०.२५ मिलिअँपिअरची, म्हणजे आपल्या जोडणीत २५ व्होल्ट. त्याच्या वर काही दिसलं तर चार्जर बाद. २०० च्या वर दिसलं तर आतली इन्सुलेशनची भिंत पडलेली आहे. पिना उलटवल्यावर आकड्यात मोठा फरक पडला तर घाबरू नका: आत एकच डायोड असलेल्या सर्किटमध्ये एका बाजूने कपॅसिटर न्यूट्रलला लागतो आणि दुसऱ्या बाजूने फेजला. जास्तीचा आकडा धरायचा.

अर्थिंग "खात्रीचं" असं म्हटलं त्याला कारण आहे. मराठवाड्यात उन्हाळ्यात काळी माती हातभर भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मुरमाड जागेत तर तो आधीपासूनच नावापुरता असतो. खड्ड्यात पाणी घालून, फेज आणि अर्थिंग यांच्यात सिरीज बल्ब लावून बघा. बल्ब पूर्ण पेटला तर अर्थिंग या कामापुरतं ठीक. आरसीसीबी असेल तर या बल्बने ती पडेल, म्हणून ही एवढी तपासणी वायरमनकडून तिच्या आधीच्या बाजूने करून घ्यावी.

दुसरी तपासणी मेगरची, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राची, आणि ती आपल्या भागात सोपी आहे. पाण्याच्या मोटारी भरणारं वाइंडिंगचं दुकान जवळपास प्रत्येक मोठ्या गावात असतं आणि त्याच्याकडे ५०० व्होल्टचा मेगर असतोच. चार्जरच्या दोन्ही पिना तांब्याच्या तारेने एकत्र बांधा. यूएसबीचं टरफल, लाल आणि काळं टोक हेही एकत्र करा. या दोन गटांमध्ये मेगर लावा आणि मिनिटभर धरा. चांगला चार्जर शेकडो मेगाओहम दाखवतो, बहुतेक वेळा काटा शेवटपर्यंत जातो. आम्ही ७ मेगाओहमच्या खालचा चार्जर सरळ बाद धरतो.

गंमत अशी की शंभर रुपयांचा चार्जरही या परीक्षेत सहसा पास होतो. कोरड्या हवेत एक मिलिमीटरची फटसुद्धा ५०० व्होल्ट आरामात थोपवते. मेगरला आजचं इन्सुलेशन दिसतं. त्या फटीत उद्या धूळ बसेल, मुंगी जाईल, पावसाळ्यात ओल धरेल, हे त्याला दिसत नाही. थोडं जवळ जायचं असेल तर ओलाव्याची परीक्षा घ्या: स्टीलच्या डब्यात ओलं फडकं, त्यावर उलटी वाटी, वाटीवर चार्जर, झाकण घट्ट, आणि ४८ तास. थेंब चार्जरवर पडू द्यायचा नाही. बाहेर काढून पुसला की लगेच मेगर. कोरडा असताना काटा शेवटाला नेणारा आणि डब्यातून निघाल्यावर १० मेगाओहमवर घसरलेला चार्जर पावसाळ्यात वापरायचा नाही. प्रयोगशाळेत याच्यापुढे ३००० व्होल्ट एसी मिनिटभर देतात. ते घरी किंवा वाइंडिंगच्या दुकानात करायचं काम नाही.

तेव्हा उघडावाच लागतो. उघडलेला चार्जर पुन्हा वापरात येत नाही, म्हणून एकाच लॉटचे दोन घ्या. प्लगमधून काढून पाच मिनिटं थांबा, मग जोडाची रेघ व्हाइसमध्ये धरून हळूहळू दाबा; कडकन आवाज येतो आणि डबी फाटते. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट उरलेले असू शकतात, म्हणून बोटं लावण्याआधी तोच १०० किलोओहमचा रेझिस्टर पक्कडीने त्याच्या दोन पायांवर पाच-दहा सेकंद धरा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करू नका, ठिणगी डोळ्याकडे उडते.

सुरुवातीला सांगितलेल्या पांढऱ्या डबीच्या आत बोर्ड काडेपेटीहून लहान निघतो. पिनांपासून बोर्डापर्यंत दोन केसासारख्या बारीक वायरी, आणि त्यातली एक सोल्डरच्या डागाजवळच अर्धी तुटलेली. फ्यूज नाही. फ्यूजचं काम करणारा फ्युजिबल रेझिस्टरही नाही. त्या जागी तारेचा तुकडा जोडलेला. एकच ४००७ डायोड, ४०० व्होल्ट २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १३००१ नंबरचा ट्रान्झिस्टर, बोटाच्या पेराएवढा ट्रान्सफॉर्मर, आणि पलीकडे एक शॉटकी डायोड व १० व्होल्टचा कपॅसिटर. बोर्ड उलटा केला की खरा दोष दिसतो. फेजकडचा तांब्याचा पट्टा आणि यूएसबीच्या ग्राउंडचा पट्टा ट्रान्सफॉर्मरखाली समोरासमोर येतात आणि मधली जागा जेमतेम एक मिलिमीटर भरते. तिथेच डागाचा एक टोकदार काटा बाहेर आलेला आहे. २३० व्होल्टच्या अशा दुहेरी इन्सुलेशनला बोर्डावरून किमान ५ मिमी अंतर लागतं, आणि चांगले बनवणारे ६ मिमीच्या पुढे ठेवतात, शिवाय मधे आरपार खाच कापतात म्हणजे धूळ साचून वाट तयार होत नाही. ऑप्टोकपलर (दोन बाजूंमध्ये प्रकाशाने संदेश नेणारा छोटा भाग) असेल तर त्याच्या पिनांच्या दोन रांगांमध्ये साडेसात मिलिमीटर मिळतात. पण त्याच्या पोटाखालून पट्टा नेला की ते सगळे वाया.

आता दोन्ही बाजूंना जोडणारा तो छोटा कपॅसिटर. चांगल्या चार्जरमध्ये निळा चपटा, अंगावर "वाय१" आणि मान्यतेच्या खुणांची गर्दी असलेला मिळतो. तो खराब झाला तरी आतला जोड तुटून बंद पडावा, शॉर्ट होऊ नये, अशी त्याची घडण आणि चाचणी असते. स्वस्त चार्जरमध्ये त्या जागी "१०२" आणि "१ केव्ही" एवढंच छापलेला साधा सिरॅमिक बसवतात. क्षमता एकच, १ नॅनोफॅरड, आणि मीटरवरचा आकडाही तोच. म्हणूनच करंटच्या परीक्षेत दोघे सारखे दिसतात. फरक पडतो तो सर्जच्या, म्हणजे व्होल्टेज अचानक उसळण्याच्या, दिवशी: साधा सिरॅमिक शॉर्ट झाला की मेन्स थेट यूएसबीवर. काही चार्जरमध्ये तो कपॅसिटर नसतोच. त्याचं लक्षण ओळखीचं आहे: चार्जिंगला लावलं की फोनचा टच नाचतो, टाईप करताना भलतीच अक्षरं उमटतात. फोनला हात लावल्यावर झिणझिण्या येणं आणि टच नाचणं ही दोन वेगळी लक्षणं आहेत, दोन वेगळ्या कारणांची: झिणझिण्या कपॅसिटरमधून येणाऱ्या करंटच्या, टच नाचतो तो कपॅसिटर नसल्यामुळे.

ट्रान्सफॉर्मरवरची पिवळी टेप सुरीने सोडवा. बाहेरच्या वाइंडिंगची तार बघा. तिच्यावर सोलता येईल असं जाड प्लास्टिकचं कवच असेल तर ती ट्रिपल इन्सुलेटेड वायर, उत्तम. नुसती तांबूस चकाकणारी एनॅमलची तार असेल तर दोन वाइंडिंगच्या मधे टेपचे तीन थर आणि दोन्ही कडांना मोकळी मार्जिन हवी. शंभर रुपयांच्या चार्जरमध्ये सहसा टेपचा एकच वेढा निघतो, आणि कडेला वरची तार खालच्या तारेला टेकलेली असते. मोटार वाइंडिंगवाल्याला हे दाखवा, त्याला समजावून सांगावं लागणार नाही.

डबीच्या प्लास्टिकची एक चाचणी बाहेर अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून करा. काडीएवढी पट्टी कापून पक्कडीत उभी धरा, खालून दहा सेकंद ज्योत द्या आणि काढा. चांगलं प्लास्टिक दहा सेकंदांत आपोआप विझतं. भलतं प्लास्टिक मेणबत्तीसारखं जळत राहतं आणि पेटते थेंब टपकवतं. होस्टेलच्या खोलीत गादीशेजारी एका एक्स्टेंशनवर सहा-सात चार्जर लावलेले असतात, लातूर किंवा संभाजीनगरच्या अभ्यासिकांमध्ये हे रोजचं दृश्य आहे. तिथे हे थेंब कुठे पडतील याचा विचार घेताना करावा.

लोडची परीक्षा तुलनेने सोपी. ४.७ ओहम १० वॅटचा एक सिमेंट रेझिस्टर ५ व्होल्टवर १ अँपिअरच्या किंचित वर ओढतो, दोन समांतर लावले की २.१. रेझिस्टर फरशीवर ठेवा, ते चांगलेच तापतात. चार्जरच्या सॉकेटवरच व्होल्ट मोजा, केबलच्या टोकाला नाही. ४.७५ ते ५.२५ च्या आत राहिला तर ठीक. "२.४ अँपिअर" लिहिलेले स्वस्त चार्जर एका रेझिस्टरवर कसेबसे टिकतात, दुसरा लावला की व्होल्ट ४ च्या खाली कोसळतात. टाईप-सी सॉकेट काही जोडल्याशिवाय व्होल्ट देत नाही, त्याला ट्रिगर बोर्ड, म्हणजे फोन जोडल्याचा इशारा देणारी छोटी पट्टी, लागतो.

तासभर लोड ठेवून अंगाचं तापमान घ्या आणि खोलीपेक्षा किती वाढलं ते बघा. हिवाळ्यात २५ अंशांच्या खोलीत ३५ अंशांची वाढ फारशी वाटत नाही. पण परभणी-नांदेडकडे मे महिन्यात पारा ४४ च्या पुढे जातो, पत्र्याखाली त्याहून वर. तीच वाढ तिथे धरली की डबीचं कवच ८० वर जातं आणि आतला कपॅसिटर आणखी वर. ८५ अंशांचा कपॅसिटर तिथे लवकर फुगतो, म्हणून १०५ अंश छापलेले कपॅसिटर हवेत. दर १० अंशांना त्याचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं.

आणि आपल्या लाईटचं काय? डीपीवरचा (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा) न्यूट्रल ढिला झाला किंवा तुटला की ज्या फेजवर कमी लोड आहे त्या घरांत व्होल्टेज ३०० च्या वर जाऊ शकतं. ३०० व्होल्टचं शिखर ४२४ व्होल्ट होतं आणि आतला कपॅसिटर ४०० चा. तो फुटतो, ट्रान्झिस्टर शॉर्ट होतो. फ्यूज किंवा फ्युजिबल रेझिस्टर असेल तर प्रकरण एका "फट्" वर संपतं. नसेल तर घराची एमसीबी पडेपर्यंत ती डबी आतून जळत राहते. बल्ब अचानक पांढरेफटक झाले, पंखा पळायला लागला, की आधी चार्जर काढा.

आमचा निकाल असा. ८० ते १५० रुपयांचा बिननावाचा चार्जर घेऊ नका, रात्रभर तर मुळीच नको. मोठ्या कंपनीसारखा दिसणारा, पण निम्म्या किमतीत आणि बिलाशिवाय मिळणारा त्याहून फसवा, कारण बाहेरचं काम चोख असतं आणि आतला बोर्ड तोच निघतो. साधारण २५० ते ४०० रुपयांत नोंदणी जुळणारे १० ते १८ वॅटचे भारतीय ब्रँडचे चार्जर मिळतात. उघडल्यावर अंतर, निळा वाय१, फ्यूज आणि कवचाची तार या चार गोष्टी ज्यात सापडल्या तो घरासाठी पुरेसा आहे, महागड्या फास्ट चार्जरची गरज नाही. फोनसोबत आलेला जुना ५ वॅटचा चार्जर घरात पडून असेल तर तो आखाड्यावर न्या आणि तिथला बाजारातला काढून टाका. हळू चार्ज करेल, पण तो चालेल.

यूएसबी सॉकेट असलेले एक्स्टेंशन बोर्ड वेगळे मोजावे लागतात. त्यातला चार्जर बोर्ड चालू असेपर्यंत कायम मेन्सवर असतो आणि सर्जचा प्रत्येक धक्का खातो. ऊसतोडीच्या तळावर किंवा लग्नाच्या मांडवात एका बोर्डावर दहा फोन लागतात, तिथे यूएसबी भोकं रिकामी ठेवून वेगळे चार्जर लावलेले बरे. स्क्रूने उघडणारा बोर्ड घेतला तर आतलं अंतर न मोडता बघता येतं, आणि आम्ही तोच घ्या म्हणू. चिकटवून बंद केलेला नको.

घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घेतली तर चार्जरची भिंत पडलेल्या दिवशीही माणूस वाचण्याची शक्यता खूप वाढते. तिच्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबायचं.

नापास झालेला चार्जर कोपऱ्यात टाकू नका, भंगारातून तो पुन्हा बाजारात येतो. पक्कडीने दोन्ही पिना मुळाशी वाकवून मोडा, यूएसबीचं तोंड चेपा आणि मगच ई-कचऱ्यात द्या.